बारा मुलांचा नियम

शाळेच्या कमिटीवर मी निवडून आलो तो काही माझ्या कर्तबगारीमुळे नव्हे. पॅनेलमध्ये एक मराठी माणूस हवा होता आणि बाकीचे मराठी शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, झोपलेले असायचे. मी लवकर उठणारा, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

मी मूळचा गुहागरकडचा. सत्तरच्या दशकात बहारीनला आलो आणि तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्तीचा फोरमन झालो. ऐंशीनंतर बायको-मुलगी आल्या, मुलीला शाळेत घातलं आणि शाळा नावाचं प्रकरण मला जवळून दिसू लागलं. हूरा नावाच्या वस्तीत भाड्याने घेतलेले दोन बंगले, मधली भिंत पाडलेली, अंगणात पत्र्याची शेड. सकाळी लहान मुलं, दुपारी मोठी. इमारत तीच, बाकंही तीच. दुपारच्या मुलांचे गुडघे बाकांखाली मावत नसत.

ही शाळा सरकारची नव्हती. बहारीनचं सरकार परवाना द्यायचं, अरबी शिकवता की नाही ते बघायचं आणि संडास तपासून जायचं. आपलं सरकार दहावीचे पेपर पाठवायचं. पैसा मात्र ना इकडून यायचा ना तिकडून. चालायचं सगळं फीवर, आणि हिवाळ्यातल्या आनंदमेळ्यावर. त्यात माझी बायको साबुदाणेवडे तळायची आणि मल्याळी बाया रांग लावून ते संपवायच्या.

मालक कोण? तर आम्ही, पालक. ज्याचं मूल शाळेत त्या घराला एक मत. दर दोन वर्षांनी निवडणूक, नऊ जणांची कमिटी. निवडणूक भाषेवर चालायची हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण भाषणात कुणी तसं म्हणत नसे. भाषणात सगळे भारतीय, मत टाकताना आपापले. मराठी घरं चाळीसेक असतील. कोण ड्रायव्हर, कोण इलेक्ट्रिशियन, वसईकडचे काही हॉटेलांत, हॉस्पिटलांत. चाळीस घरांत एक्केचाळीस मतं, असा आपला समाज.

कमिटीत बसल्यावर कळलं की शाळा चालवणं म्हणजे बहुतेक वेळा पाण्याची टाकी आणि बस यांच्यावर बोलणं. बुदैयाकडच्या चार घरांसाठी बस वळवायची का, यावर आम्ही तीन शुक्रवार घालवले. फी महिन्याला अर्धा दिनार वाढवायची म्हटलं तर बाहेर व्हरांड्यात जी आरडाओरड झाली ती ऐकून शेजारचा बहारीनी आजोबा काळजीने विचारायला आला. दहावीचा निकाल चांगला लागला की कमिटीचे अध्यक्ष फोटोला पुढे. वाईट लागला की प्रिन्सिपॉलना बोलावणं. निकाल तसा बरा लागायचा. इंग्रजी आणि गणितात मुलं पुढे, घरच्या भाषेत मात्र आनंदीआनंद.

घरच्या भाषांचंच पुढे रामायण झालं. सहावीपासून मुलांना आणखी एक भाषा घ्यावी लागे. फ्रेंच, किंवा मल्याळम, तमिळ, संस्कृत वगैरे. एका वर्षी संस्कृतच्या वर्गात चारच मुलं उरली आणि त्या चौघांसाठी एक शिक्षिका पगार घेत होती. मला राग आला. मी जरा तापटच आहे, वर्कशॉपमध्येही पोरं मला घाबरून असत. मीटिंगमध्ये मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "बारा मुलं असतील तर वर्ग, नाहीतर खलास." नियम पास झाला. त्या बाई केरळला परत गेल्या. मला त्याचं काही वाटलं नाही. शाळा वाचवली, असंच वाटलं.

पुढच्या वर्षी एक बाई मला शाळेच्या जिन्यापाशी भेटल्या. वसईच्या, ख्रिश्चन. सकाळच्या शिफ्टला लहान मुलांना इंग्रजी शिकवायच्या. त्यांचं काम अर्ध्या दिवसाचं, आणि व्हिसा नवऱ्याच्या नावावर. नवरा हूऱ्यातल्या एका हॉटेलात कुक होता.

"भाऊ, पाच मिनिटं आहेत का?" त्यांनी विचारलं. "हॉटेलने माणसं कमी केली. मिस्टरांना मेपर्यंत मुदत आहे. ते गेले की माझा व्हिसापण गेला."

"मग शाळेचा व्हिसा?"

"शाळा फुलटाइम टीचरलाच देते. माझे पिरियड कमी पडतात. प्रिन्सिपॉल म्हणाले, मराठीचा वर्ग निघाला तर माझे पिरियड भरतील. मी मराठीत बीए आहे." त्या थांबल्या. "माझी मुलगी आता दहावीत जाईल. नववीला तिचं नाव बोर्डात गेलंय. तिकडचं बोर्ड वेगळं, आता नेली तर परत नववीत बसवतील. एक वर्ष फक्त, भाऊ. तिची दहावी होईपर्यंत."

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "बाई, बारा मुलांची जबाबदारी माझी."

आणि खरंच, मी झटलो. तीन शुक्रवार घरोघर फिरलो. कुठे पोहे, कुठे चहा, एका घरी तर कोंबडीवडे. मराठी म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे पाणावत होते. "अहो, हवीच! आपण नाही शिकवायची तर कोण?" असं म्हणणाऱ्या बापाच्या मागून त्याचा मुलगा "डॅडी, व्हेअर इज माय बॉल?" म्हणून ओरडत होता. मी वहीत नावं लिहीत गेलो. बारा झाली. माझी मुलगी धरून तेरा.

फॉर्म शाळेच्या ऑफिसात आठवडाभरात द्यायचे होते. पहिल्याच संध्याकाळी मुलगी माझ्यापुढे फॉर्म घेऊन आली. पाचवीतली पोर, पण व्यवहार पक्का.

"बाबा, फ्रेंच इज स्कोअरिंग. ऑल माय फ्रेंड्स आर टेकिंग फ्रेंच."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मराठी घरी बोलतोच की आपण. पुढे कॉलेजला फ्रेंच उपयोगी पडेल तिच्या. उगाच तिचे मार्क कशाला घालवता?"

मी मनात हिशेब केला. तेरा आहेत. एक गेला तरी बारा उरतात. वर्ग निघतो, बाई राहतात, आणि माझ्या पोरीला फ्रेंच मिळतं. कुणाचंच नुकसान नाही. मी सही केली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. सही करताना मला अजिबात लाज वाटली नाही, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतो.

मार्चमध्ये मीटिंग झाली. समोसे आले. बसच्या टायरचा विषय झाला, आनंदमेळ्याचा झाला, मग सेक्रेटरीने भाषांची यादी वाचली. फ्रेंच अमुक, मल्याळम तमुक. मराठी, अकरा.

मला आधी वाटलं, वाचण्यात चूक आहे. मी यादी हातात घेतली. माझ्या वहीतल्या नावांतलं आणखी एक नाव नव्हतं. ते माझ्या चांगल्या दोस्ताचं. नंतर त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अरे, तुझ्याकडे तेरा होते ना? मला वाटलं, एकाने काय होतंय." आमचं एकच डोकं, दोन धडांवर. मराठी वर्ग सगळ्यांना हवा होता, फक्त त्यात दुसऱ्याची मुलं बसायला हवी होती.

अध्यक्ष भला माणूस होता. मराठी नव्हता, पण त्याला बाईंची अडचण प्रिन्सिपॉलनी सांगितली होती. तो माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाला, "एक ही कम है. आज भी कोई फॉर्म बदलना चाहे तो मैं ले लूँगा. आपकी कम्युनिटी है, किसी से पूछ लीजिए."

विचारायला कुठे जायचं होतं? ते मूल माझ्या घरात होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की माझ्या मुलीचं नाव फ्रेंचमधून काढा आणि इकडे लिहा. एक वाक्य. पण ते म्हटलं असतं तर टेबलाभोवतीच्या आठ जणांना कळलं असतं की मराठीसाठी घरोघर फिरणाऱ्याची मुलगी फ्रेंच घेऊन बसली आहे. माझ्या उजव्या हाताला एक मल्याळी मेंबर बसला होता. माझ्या नियमाने केरळला परत गेलेल्या त्या शिक्षिका त्याच्याच नात्यातल्या. तो माझ्याकडे बघत नव्हता, समोसा खात होता. तरी मला तो बघतोय असंच वाटत होतं.

मी म्हटलं, "रूल इज रूल."

सेक्रेटरीने तसं लिहून घेतलं. पुढचा विषय पंख्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी फॉर्म बदलता आला असता का? बहुधा आला असता. अध्यक्षाने नाही म्हटलं नसतं. मी गेलो नाही. त्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये काम फार होतं, असं मी बायकोला सांगितलं, आणि काम फार नव्हतं.

बाईंचा नवरा आधी गेला. त्या आणि मुलगी मे महिन्यात निघाल्या. सामान बरंच होतं म्हणून मी वर्कशॉपची पिकअप घेऊन गेलो. पुढच्या सीटवर आम्ही तिघं, मधे बाई, खिडकीशी मुलगी. विमानतळाकडे जाणाऱ्या मुहर्रकच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या आणि पिकअपचा एसी, एसीवाल्याच्या गाडीचा, बंद होता. घाम पुसत मी एकदाचं बोललो.

"बाई, एक सांगायचं होतं. माझ्या मुलीचा फॉर्म..."

"फ्रेंच," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"फॉर्म लावायला ऑफिसात मीच बसत होते, भाऊ. रोज मोजायचे. तुमचा दुसऱ्याच दिवशी आला."

पुढची गाडी हलली, मागच्याने हॉर्न दिला, तेव्हा मी गिअर टाकला.

"मग मला बोलला का नाहीत? एका शब्दाने बोलायचं. मी बदलला असता."

"बोलणार होते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुम्ही घरोघर फिरत होता माझ्यासाठी. तुम्हाला कसं सांगू? म्हटलं, मीटिंग आहे, यादी वाचतील, तेव्हा तुम्हीच सांगाल. त्या दिवशी मी खाली जिन्यातच बसून होते. सेक्रेटरी उतरले आणि मान हलवून गेले."

खिडकीशी बसलेली मुलगी आमच्याकडे वळली. आतापर्यंत ती बाहेर समुद्राकडे बघत होती. तिला मराठी बोलता येत नाही असं मी धरून चाललो होतो, आणि समजत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

"अंकल," ती सावकाश, शब्द जुळवत म्हणाली, "मी नववी परत करणार. इट्स ओके. पण तुम्ही मम्मीला आधी सांगायला पाहिजे होतं."

विमानतळावर मी सामान उतरवून दिलं. बाईंनी हात जोडले, मीही जोडले. मुलीने जोडले नाहीत.