उसनी गोळी

आडावर घसरले तेव्हा कंबर मोडली न्हाय, पण धरून बसली. सोलापूरच्या डॉक्टरनं दुखण्यावर गोळ्या लिहून दिल्या. कंबर सुटली, गोळ्या सुटल्या न्हाईत. तामलवाडीत आमच्या गल्लीत साखर, चहापत्ती उसनी चालायची, तशी माझी गोळीही चालायला लागली. कुणाची दाढ ठणकली, कुणाचं डोकं उठलं, की बायका यायच्या. मी द्यायची. सोलापूरला कुणी गेलं की त्या तसलीच मागवून परत करायच्या. दुकानच झालं होतं म्हणा ना!

एकदा गोळीच्या गुंगीत मी पडलेली असताना माझी दोन वर्षांची पोरगी चुलीपाशी गेली. हात भाजला. उमरग्याची नणंद तेव्हा आमच्याकडंच होती. तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, तुमची गोळी सुटली की आणते हिला." मी हूं म्हणाले. रडू आलं नाही. तेव्हा मला रडू, हसू, काहीच येत नव्हतं.

मालक मला दुसऱ्या डॉक्टरकडं घेऊन गेले. त्यानं सांगितलं, ही अफूच्या जातीची गोळी, हळूहळू कमी करायची. मन उतरलंय म्हणून एक वेगळी गोळीही दिली, ती मात्र चुकवायची न्हाय. सासूनं कपाळाला हात लावला. "एक सोडवायला दुसरी लावली! वा रे डागदर!" पण रोज संध्याकाळी पाण्याचा तांब्या आणि ती नवी गोळी तीच आणून द्यायची. जुनी गोळी आपल्याजवळ ठेवून अर्धी अर्धी मोडून द्यायची.

अर्धीनं भागेना. अंग मोडून यायचं, घाम सुटायचा, नाक गळायचं. मग मी गल्लीत उसनवारी वसूल करायला निघाले. एकीनं दिली, दुसरीनं दिली. सासूला कळलं तसं तिनं दारोदार जाऊन सांगितलं, "माझ्या सुनंला गोळी परत करू नका गं. बुडवा!" मला लाज वाटायला पाहिजे होती. मालकांना वाटली. मी उंबऱ्यात बसून गहू निवडत होते, निवडतच राहिले. नव्या गोळीनं झोप लागायला लागली, भूक लागायला लागली. बाकी आत सगळं सारवलेल्या भुईगत सपाट.

वर्षानं जुनी गोळी सुटली. नवी चालूच होती. नणंदेचा निरोप आला, पोरीला घेऊन येते.

त्या दिवशी सकाळी समोरची म्हातारी आली. ठार बहिरी. सासूची दवंडी तिला ऐकूच गेली नव्हती. "लई दिस राहिली बाई तुझी. माझी दाढच पडली," म्हणत तिनं कागदाची पुडी माझ्या हातावर ठेवली. आत गोळी. मी ती पदराच्या गाठीत बांधली.

दुपारी पोरगी आली. नणंदेचं लुगडं धरून उभी राहिली. मी हात पुढं केले. तिनं तोंड लपवलं आणि नणंदेला विचारलं, "आई, ही कोण?"

लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी लागलं, आणि असं लागलं की हात आपोआप गाठीवर गेला.

मी आत जाऊन गाठ सोडली. "आत्याबाई, ही घ्या. माझ्यापाशी राहिली तर मी खाईन."

सासूनं गोळी चुलीत टाकली. पिठाची परात माझ्याकडं सरकवली. मी भाकरी थापली. पोरगी चुलीपाशी यायला तयार नव्हती, म्हणून ताटली घेऊन मीच दारापर्यंत गेले. भाजलेल्या हाताचा डाग अजून दिसत होता. त्याच हातानं तिनं तुकडा उचलला.

"खाऊ का?" तिनं नणंदेला विचारलं.

नणंदेनं मान डोलावली आणि डोळ्याला पदर लावला. मीही रडले, मोठ्यानं रडले. पोरगी आमच्या दोघींकडं बघत भाकरी खात राहिली.