पाटीवरचा चौकोन

कुवेतमधल्या सुलैबियात पितळी पाट्या कोरणारा एक रत्नागिरीकर आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मजकूर अरबी असो की मल्याळम, तो आधी कागदावर छापतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, "एकेका अक्षरावर बोट ठेवा, भाऊ." त्याशिवाय मशीन सुरू होत नाही. मला या प्रकाराचा भारी वैताग यायचा.

आमचे कोरियन साहेब निवृत्त होत होते. त्यांच्या वडिलांच्या वहीतली एक जुनी ओळ पाटीवर हवी होती. बाईसाहेबांनी ती टाइप करून पाठवली, सोबत वहीचा फोटोही. समारंभ संध्याकाळीच होता. मी कागदावर भराभर बोट फिरवलं.

"हा चौकोन कसला?" त्याने विचारलं.

"कोरियनमध्ये असतात चौकोनी अक्षरं. कोरा लवकर."

"असतील. पण हा माझ्या ओळखीचा आहे. कॉम्प्युटरकडे अक्षर नसलं की तो हाच टाकतो. मराठीतसुद्धा."

फोटो पाहिला. चौकोनाच्या जागी तिथे त्रिकोणाचं अक्षर होतं, जुन्या कोरियनमधलं, हल्ली कोणी वापरत नाही असं. त्याने तासभर खटपट करून ते असलेला फॉन्ट शोधला आणि मला पुन्हा पहिल्यापासून बोट ठेवायला लावलं.

संध्याकाळी साहेबांचं बोट पाटीवरून सरकत त्या त्रिकोणापाशी आलं आणि तिथेच राहिलं. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम सांगायला गेलो. कागदावरून नजर न काढता तो म्हणाला, "तुमच्या साहेबान बोट ठेवलान ना? मग झालं."