गुरुवारचा सर्व्हर

चिंचवडला माझं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. चाकणच्या कंपनीत काम करणारा एक माणूस एकदा तिथे आला होता. त्याला खोलीवर गेमचा सर्व्हर ठेवायचा होता, म्हणजे लातूरला राहणारी त्याची मुलगी आणि तो एकाच गेममध्ये खेळू शकतील.

मी सवयीने महागडं ग्राफिक्स कार्ड पुढे केलं.

"भाऊ, सर्व्हरला ते कशाला? रॅम वाढवून द्या," तो म्हणाला. मग मी दाखवलेल्या कॉम्प्युटरच्या चालू कॅबिनेटवर तळहात ठेवून त्याने डोळे मिटले. "फॅनचं बेअरिंग जायला आलंय." मी उघडून बघितलं, खरंच झिजलं होतं.

नेटचा अपलोड स्पीड त्याने आधीच तपासून घेतला होता. अडचण एकच होती. त्याची सुट्टी गुरुवारी, आणि दुरुस्तीसाठी वीज जाते तीही गुरुवारीच. म्हणून राउटरसकट सगळं दुपारभर चालेल असा इन्व्हर्टर त्याला हवा होता. तो कॉम्प्युटरपेक्षा महाग पडत होता.

मी वैतागून म्हणालो, "अहो, त्यापेक्षा फोनवर बोला की तिच्याशी!"

"फोनवर ती नुसतं हं म्हणते," तो म्हणाला. "गेममध्ये घर बांधताना विचारते, पप्पा, तुमची खोली कुठं काढू?"