कुंडलिकचा तपासलेला बूट

बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना आमच्याकडची माणसं आधी जबडा उघडून दात बघतात, मग चालवून बघतात, मग गाडीला जुंपून बघतात. बैलाच्या बाबतीत हे शहाणपणच आहे. येडगावच्या कुंडलिकने मात्र हाच कायदा जगातल्या यच्चयावत वस्तूंना लावला होता. छत्री घेतली की ती उघडून बायकोला खाली उभी करायची आणि वरून तीन घागरी ओतायच्या. बाज विणून झाली की तिच्यावर स्वतः, बायको आणि एक करडू असं सगळं चढवायचं. थोरल्या मुलीला पाहायला आलेल्या पोराकडून त्याने बाभळीचा ओंडका उचलून घेतला होता. पोरगा पतसंस्थेत कारकून होता. लग्न झालं, पण जावई अजून कमरेला पट्टा बांधून हिंडतो.

कुंडलिकला सातवीत मीच शिकवलं होतं. बुद्धी होती, ती भलतीकडे वळली होती, एवढंच. पुढे त्याने झाडं तोडायचा धंदा धरला. तीस वर्षं कुऱ्हाड चालवली आणि अंगाला ओरखडा नाही. मग २००३ साली त्याने मंचरहून दातेरी साखळीने झाडं कापणारी जुनी मशीन आणली. सगळे तिला कटर म्हणत. पहिल्याच महिन्यात त्या कटरने त्याच्या डाव्या चपलेचं टोक अंगठ्याच्या नखासकट उडवलं.

त्याची बायको झुंबरबाई माझ्याकडे आली. रडत नव्हती, चिडली होती.

"बाई, या महिन्यात नख गेलं. पुढल्या महिन्यात अंगठा, मग पाऊल. मी काय हप्त्याहप्त्यानं विधवा व्हऊ का?"

माझा भाचा पुण्यात शेती-अवजारांच्या दुकानात होता. त्याला पत्र टाकलं. त्याने कळवलं की कटर चालवणाऱ्यांसाठी खास बूट येतात. पुढे पोलादी टोपी आणि चामड्याच्या आत चिवट धाग्यांचे थर. साखळी बुटावर आली तर हे धागे ओढले जाऊन तिच्यात गुंततात आणि मशीन जागच्या जागी बंद पडते. किंमत बघून मी पत्र दोनदा वाचलं. झुंबरबाईने काही वाचलं नाही. तिने दोन शेळ्या विकल्या आणि बूट मागवले.

बूट आले त्या दिवशी पारावर जत्रा जमली. कुंडलिकचा शेजारी रखमाजी एक बूट उचलून वजन करत म्हणाला, "दोन शेळ्या घालून हे? शेळी दूध तरी देती. ह्याला काय पिळायचं?"

"साखळी थांबवतं म्हनं," कुंडलिक म्हणाला.

"म्हनं? कुनी बगितलं?"

झालं. या एका प्रश्नाने घात केला. बूट न तपासता पायात घालणं कुंडलिकच्या तत्त्वात बसेना. तो घरात गेला आणि एक जून दुधी भोपळा घेऊन आला. भोपळा उजव्या बुटात घट्ट बसवला. बूट सरपणाच्या फाट्यांमध्ये रोवला. मी घरातून धावत पोचेपर्यंत त्याने कटर सुरू करून बुटावर टेकवलं होतं. एक किंकाळी फुटावी तसा आवाज झाला, बुटातून पांढऱ्या धाग्यांचा भला मोठा पुंजका बाहेर आला आणि मशीन बंद. भोपळा बाहेर काढला. सालीला ओरखडासुद्धा नाही. माणसांनी टाळ्या वाजवल्या. रखमाजीने भोपळ्याला नमस्कार केला.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "बुटाबरोबर आलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलंय. साखळी एकदा लागली की बूट टाकून द्यायचा. त्याचे धागे संपले. आता तो नुसता जोडा उरलाय."

"कागद कुनी लिवला, बाई?"

"कंपनीने."

"मग? तिला दुसरा जोड खपवायचाय की. आन् मला सांगा, पोरगं परीक्षा पास झालं म्हंजी नापास झालं का?"

चाळीस वर्षं शिकवलं मी. असलं गणित एकाही पोराने मांडलं नव्हतं.

यानंतर जे सुरू झालं ते आठ दिवस चाललं. उजवा बूट फाटलेला, धागे लोंबणारा, पण तपासलेला. म्हणून कुंडलिक तो रोज घालून कामावर जायचा. डावा नवाकोरा, पण तपासला नव्हता. त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून डाव्या पायात तीच टोक उडालेली चप्पल. म्हणजे ज्या पायाचा बूट निकामी त्या पायात बूट, आणि ज्याचा बूट कामाचा तो पाय उघडा. चालताना तो एका बाजूला असा कलायचा की लांबून बैलगाडीचं चाक निखळल्यासारखं वाटे. डावाही तपासायला तो निघाला होता. झुंबरबाईने बूट धान्याच्या कणगीत दडवला म्हणून वाचला.

माझ्या गोठ्यावर एक वाळलेलं जांभूळ कललं होतं. ते उतरवायला मी कुंडलिकलाच बोलावलं आणि अट घातली.

"दोन्ही पायांत बूट. नाहीतर मी डिंभ्याचा कटरवाला आणीन."

डिंभ्याचं नाव काढल्यावर त्याचा अहंकार दुखावला. झुंबरबाईने कणगीतून बूट काढून आणला. त्याने तो तोंड वाकडं करत चढवला.

"बिनतपासलेला हाय. काय झालं तर जिम्मेदारी तुमची, बाई."

"माझी. चल, लाग कामाला."

झाड व्यवस्थित गोठा सोडून पडलं. सगळा धोका संपला असं वाटून मी चहा टाकायला वळले. तो फांद्या छाटत होता. एका फांदीला कटरचं टोक अडलं, मशीन उसळली आणि खाली आली ती सरळ डाव्या पावलावर. तीच किंकाळी. तोच पांढरा पुंजका. मशीन बंद.

झुंबरबाईने बूट ओढून काढला, पाय मांडीवर घेतला आणि बोटं मोजली. पाच. पुन्हा मोजली. मग नवऱ्याच्या खांद्यावर एक सणसणीत रट्टा दिला आणि तिथेच मातीत बसली. कुंडलिक मात्र बुटाकडे बघून म्हणाला, "ह्यो बी पास."

दुसऱ्या दिवशी माणसं समाचाराला येऊ लागली. कुंडलिकच्या पायात मशीन गेली, एवढंच गावोगाव पोचलेलं. कुणी शहाळं आणलं, कुणी ग्लुकोजची बिस्किटं. घरी माणसं आलीच आहेत म्हटल्यावर कुंडलिकही बाजेवर आडवा झाला आणि पाय उशीवर ठेवला. झुंबरबाईची नणंद सरूबाई मढहून दोन गाड्या बदलून आली. तिने गोधडी बाजूला केली, पाय वळवून पाहिला, तळवा दाबला.

"कुटं लागलंय?"

"न्हाई लागलं, आक्का."

"काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई."

सरूबाईचा चेहरा उतरला. बिस्किटांचा पुडा तिने पिशवीतून काढला होता, तो पुन्हा आत सरकवला. "दोन शेळ्या गेल्या, आन् झालं काय, तर काहीच न्हाई. मग बूट घेऊन उपेग काय झाला गं?"

रखमाजीने मान डोलावली. बाकीच्यांनीही. मी तोंड उघडणार होते, पण झुंबरबाई माझ्या आधी उठली. नवऱ्याचा पाय घोट्याला धरून तिने उचलला आणि सरळ सरूबाईच्या मांडीत ठेवला.

"मोजा, वन्सं."

सरूबाईने मोजली. मोठ्याने मोजली. तिच्या भावाचा पाय होता तो. पाचव्या बोटाशी तिने पदर डोळ्याला लावला. मग बिस्किटांचा पुडा निमूटपणे बाहेर काढला.

नव्या जोडासाठी झुंबरबाईने पेपरवर कुंडलिकचं पाऊल ठेवून पेन्सिलीने मापं काढली. उरलेल्या दोन शेळ्या अजून दावणीला होत्या. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीने एकटीच पुण्याला निघाली.

"दुकानातच तपासून आन गं!" कुंडलिक मागून ओरडला.

ती मागे वळली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, मी येस्तोवर ह्यांना कटरला हात लावू देऊ नका."

कटर खोक्यासकट माझ्याच गोठ्यात होतं. कुंडलिक घटकाभराने आलाच. "निस्तं तेलपानी बगतो." मी नाही म्हटलं. तो गेला, पुन्हा आला. शेवटी मी पोथी आणि पाण्याचा तांब्या घेतला आणि संध्याकाळी एसटी येईपर्यंत कटरच्या खोक्यावर बसून राहिले.