पाठीच्या मापाची काच

उदयसिंहांच्या घरात पूर्वी दसऱ्याला घोड्याची पूजा व्हायची. पणजोबा आणि आजोबा संस्थानच्या पागेत होते. घोडे गेले, पण पूजेची जागा काही रिकामी राहिली नाही. आता अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या गल्लीत, घराच्या ओट्यापुढे, लांबच्या प्रवासाची जडशीळ मोटारसायकल उभी राहते आणि त्यांची पत्नी भानुमती तिच्या चाकांना हळदकुंकू लावते. दसरा झाला की दोघं तिच्यावरूनच जेजुरीला जातात.

यंदा उन्हाळ्यात उदयसिंहांच्या उजव्या बुबुळाला जखम झाली. वारा आणि धूळ डोळ्याला लागता कामा नये, नाहीतर गाडी विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं. हेल्मेटच्या खालून वारा शिरतोच. गाडीची जुनी विंडशील्ड, म्हणजे पुढची काच, बुटकी होती, त्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागून उडालेल्या खड्यानं ती तडकली. नवी नीट बसली तर जेजुरी, नाहीतर गाडी पुतण्याची, देवांशची. हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं, कुणाला न सांगता.

कृष्णपुऱ्याजवळ निखिलचं मोटारसायकलच्या सामानाचं दुकान आहे. त्यानं समजावलं की काचेतून बघायचं नसतं, काचेवरून बघायचं. वरची कड नाकाच्या शेंड्याशी आली पाहिजे, मग वारा तिच्यावरून उसळून डोक्यापलीकडे जातो. सगळ्यात उंच काच उदयसिंहांनी नाकारली. रात्री समोरचे दिवे तिच्यात फुटून पसरले असते. मधली घेतली आणि ती मापानं कापायचं ठरलं. ते गाडीवर बसले. पाठ सरळ, हनुवटी वर. पागेतला माणूस खोगिरावर वाकत नाही, हे वडिलांनी लहानपणीच पाठीला वेत टेकवून शिकवलेलं. निखिलनं चिकटपट्टी लावून खूण केली, काच कापली, कड घासली आणि म्हणाला, "एकदम सही है, काकाजी."

भानुमतीला मागे बसवून ते उज्जैनच्या रस्त्याला लागले. वाटेतल्या सांवेर गावापर्यंत डोळ्याला वारा लागला नाही. पुढे मात्र ती कड नेमकी नजरेच्या आड येऊ लागली. अर्धा रस्ता काचेतून, अर्धा वरून, आणि दोन्ही अर्धे काही जुळेनात. सोयाबीनची एक ट्रॉली त्या रेषेत हरवली ती अगदी पुढ्यात आल्यावर दिसली. ब्रेक लागला. भानुमतीचं डोकं त्यांच्या पाठीवर आपटलं.

घरी येऊन त्यांनी किल्ली देवापुढे ठेवली.

"देवांशला कळव. गाडी घेऊन जा म्हणावं."

भानुमतीनं पाणी आणून दिलं. "काच चुकली नाही. तुम्ही दुकानात फोटोला बसल्यासारखे बसलात."

"मी तसाच बसतो."

"सांवेरपर्यंत. मग तुमची पाठ खाली बसते, आणि तुमच्या खांद्यावरून मला रस्ता दिसायला लागतो. पूर्वी जेजुरीपर्यंत नुसती पाठच दिसायची."

"केव्हापासून?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"बोलली नाहीस."

"रस्ता बघायला बरं वाटत होतं," ती म्हणाली, आणि पेला उचलून आत गेली.

सकाळी देवापुढची किल्ली घेऊन दोघं पुन्हा निघाले. सांवेर ओलांडलं, तिथून परतले, आणि मध्ये कुठेही न उतरता गाडी थेट निखिलच्या दारात. भानुमतीनं मागे बसूनच त्याला हाक मारून चिकटपट्टी आणायला सांगितली. तो पट्टी घेऊन समोर आला, तशी उदयसिंहांची पाठ आपोआप सरळ होऊ लागली. समोर दुकानाच्या दाराची काच होती, तिच्यात एक पोक काढून बसलेला माणूस दिसत होता.

भानुमतीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"राहू द्या तशीच," ती हळू म्हणाली.

ते तसेच बसून राहिले. निखिलनं आधीच्या कडेच्या दोन बोटं खाली खूण केली.