गवताचं छप्पर

आज चिकलठाण्याला शेजारच्या प्लॉटवर कुणीतरी वाळलं गवत पेटवलं. त्या वासानं मला वीस वर्षांपूर्वीचं इंग्लंडच्या खेड्यातलं घर आठवलं. सुट्टीसाठी भाड्यानं घेतलेलं, स्वतः रांधून राहायचं, गवती छपराचं जुनं घर. मी फायरप्लेस पेटवताच आईनं स्वयंपाकघरातली सगळी पातेली पाण्यानं भरून दाराशी मांडली.

"आई, चारशे वर्षं उभंय हे घर!" मी चिडले.

लाकूड तडतडलं. आईनं पातेलं उचललं. तिची नजर छपरावरून हटेना.

"देवगावचं आमचं बी उभंच व्हतं. माझी धाकटी बहीण आत निजली व्हती."

आईला बहीण होती, हे मला तिशीत कळलं.

आता माझ्या डोक्यावर स्लॅब आहे. तरी धूर दिसताच मी बादली भरून दाराशी ठेवली.