पॅटर्नवाले श्रावण मिस्त्री

चूक माझी असली की मी जरा जास्तच ठणकावून बोलतो. श्रावण मिस्त्रींशी माझी ओळख झाली ती अशाच एका ठणकावण्यातून. कन्हानच्या रस्त्यावरच्या फाउंड्रीत मी नवा इंजिनिअर म्हणून लागलो होतो, आणि ते तिथले पॅटर्नमेकर. जी वस्तू ओतायची तिचा हुबेहूब लाकडी नमुना ते करायचे. तो वाळूत दाबून काढला की जी पोकळी राहते, तीत वितळलेलं लोखंड ओततात. मी खिशातली पट्टी त्या नमुन्याला लावली आणि चार माणसांत जाहीर केलं, "मिस्त्री, हा मोठा झालाय. कमी करा."

"तुमी म्हणता तं करतो जी," एवढंच म्हणून त्यांनी रंधा मारला. तिसऱ्या दिवशी ओतलेला तुकडा बाहेर आला तो नखभर आखूड! थंड होताना लोखंड आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच किंचित लांब आखलेली असते. परीक्षेत हे लिहून मी मार्कही मिळवले होते, आणि लाकूड समोर आलं तेव्हा साफ विसरलो. आधी का नाही सांगितलं, म्हणून उलट त्यांच्यावरच चिडलो. "सांगतलं असतं तं तुमाले वाटलं असतं, म्हातारा वाद घालून राहिला. आता जलमभर ध्यानात राहीन," ते म्हणाले. मालकांना मात्र त्यांनी आपलीच चूक झाल्याचं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांचे वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. माग बंद पडला तेव्हा मिस्त्री सुतारकामाला लागले आणि तिथून इकडे आले. कोराडीच्या वीज केंद्रातले साहेब गोणपाटात गुंडाळलेला पंपाचा फुटका तुकडा घेऊन त्यांच्याकडे यायचे. पंप जुना, कंपनी कधीच बुडालेली, नकाशाचा पत्ता नाही. मिस्त्री तो तुकडा मांडीवर घेऊन डोळे मिटायचे आणि अंगठा फिरवत बसायचे. "झिजलेलं तं सारेच पाह्यतात. नवा होता तवा कसा होता, ते पाहा लागते," असं त्यांचं म्हणणं. आठवड्याभरात पॅटर्न तयार व्हायचा, आणि पंप पुन्हा चालू.

त्यांची मुलगी वनिता डिप्लोमा करून त्यांच्याच हाताखाली काम शिकायला आली. दिवसातून दहादा "हळू वं पोरी, लाकडाले घाई समजते," असं तिला ऐकावं लागे. तिच्या मागे मात्र ते मला सांगत, "माह्या हातापेक्षा तिचा हात हलका आहे. मी गेलो तरी काम अडत नाही आता." हे सांगताना त्यांचा चेहरा फुललेला असायचा.

मग शहरात एक फायनान्स कंपनी आली आणि तिप्पट पगारावर मी तिकडे गेलो. अर्ज पाहायचे, कर्ज कोणाला द्यायचं ते ठरवायचं, हे माझं काम. आसपास बसलेले बरेचसे इंजिनिअरच. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, "तिथं बनते काय?"

"बनत काही नाही, मिस्त्री. पैसा फिरतो."

"फिरू द्या नं. फिरत फिरत इकडंही येईनच तो."

नाही आला. फोन, फ्रीज, लग्न, सहल यांसाठी आम्ही पाच मिनिटांत कर्ज द्यायचो. भट्टीचं कर्ज म्हणजे दहा वर्षांची भानगड! फाउंड्रीचे मालक नव्या भट्टीच्या कर्जासाठी दोन वर्षं दारोदार फिरले. जुनी भट्टी दर महिन्याला बंद पडत होती, कामगारांचे पगार रखडत होते. एक दिवस मिस्त्री प्लास्टिकच्या पिशवीत वनिताची सर्टिफिकेटं घेऊन माझ्या ऑफिसात आले. एसीत अंग चोरून बसले.

"वनिताले तुमच्या लाइनीत लावा, साहेब."

"मिस्त्री, अहो, तिचा हात..."

"हाताचं मले माहीत आहे जी. पोट बी तिलेच आहे."

मी तिला लावून घेतलं. भलं केलं असंच मला वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, तिचं वाईट काहीच झालं नाही. घरावर पक्का स्लॅब चढला. ती कर्जं विकते आणि छान विकते. मिस्त्री मात्र त्यानंतर माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत. वर्षभरात मालकांनी फाउंड्रीला कुलूप लावलं आणि उरलेले पैसे शेअरमध्ये घातले.

या हिवाळ्यात मिस्त्री गेले. तेरवीला मी गेलो होतो. पंगत उठल्यावर कोराडीचे एक साहेब संकोचत पुढे झाले. त्यांच्या हातात गोणपाटात गुंडाळलेला एक तुकडा होता.

"ही वेळ नाही, मला कळतं. पण पंप महिनाभर बंद आहे. मिस्त्रींच्या हाताखाली कोणी तयार झालं होतं का?"

वनिताने पुढे होऊन गोणपाट सोडलं. तुकडा उलटसुलट करून पाहिला. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज स्थिर होता.

"पॅटर्न मी करून देईन, साहेब. ह्या सरांकडून सुट्टी घेईन. पण लोखंड ओतसान कोठं?"

साहेबांनी आधी आमच्याच फाउंड्रीचं नाव घेतलं. "बंद," ती म्हणाली. त्यांनी आणखी दोन नावं घेतली. तीही बंद. चौथं नाव त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या तिन्ही फाउंड्र्यांचे भट्टीच्या कर्जाचे अर्ज माझ्याच टेबलावरून परत गेले होते. मिस्त्रींना मी हे कधी सांगितलं नाही. त्या दिवशी वनितालाही सांगू शकलो नाही.